पाण्याला एक शिट्टी, जेवणाला दोन

कान पुढे करावा की नाही, एवढाच काय तो प्रश्न होता. मी केला.

मी एका बस कंपनीत नोकरीला आहे. लोक बसमध्ये ज्या वस्तू विसरून जातात त्या सांभाळायच्या, आणि लोक त्या परत न्यायला आले की "ही तुमचीच कशावरून?" असं विचारून त्यांना रडकुंडीला आणायचं, हे माझं काम. (सध्या माझ्या ताब्यात अगणित छत्र्या, एक सायकलचं चाक आणि एक कवळी आहे. कवळीचा मालक अजून आलेला नाही. आला तरी मागणार कसा, हाही प्रश्नच आहे.) माझ्या टेबलाला टेबल लावून जे गृहस्थ बसतात त्यांना सगळं ऑफिस 'बातमीदार' म्हणतं. ऑफिसातली प्रत्येक बातमी त्यांना आधी कळते. पण ती मोठ्यांदा सांगणं त्यांच्या तत्त्वात बसत नाही. ते खुर्ची सरकवत सरकवत जवळ येतात आणि आपल्या कानाशी तोंड नेऊन, वाफेसकट बातमी आत सोडतात.

त्या सोमवारी बातमीदार दोन स्वेटर घालून आले होते. डोळे लाल, नाक त्याहून लाल, आणि दर दोन वाक्यांमागे एक शिंक.

"अहो, घरी जाऊन झोपा की," मी म्हणालो.

"कसा झोपणार? बातमी आहे."

"उद्या सांगा."

"तुमच्याच घरची आहे."

आता सांगा, कुठला माणूस कान पुढे करणार नाही?

"वहिनींचं नक्की झालं," बातमीदार कुजबुजले. खोकले. "सगळ्या बसगाड्यांत आता वहिनींचाच..." इथे त्यांना शिंक आली, आणि ती त्यांनी माझ्या खांद्यावरच उरकली. "...आवाज!"

माझी बायकोही याच कंपनीत चौकशीच्या खिडकीवर बसते. कंपनीने ठरवलं होतं, की यापुढे प्रत्येक बसमध्ये पुढच्या थांब्याचं नाव आपोआप ऐकू यायला हवं. त्यासाठी ऑफिसातल्या झाडून सगळ्यांचे आवाज तपासले गेले. (माझाही. तपासणाऱ्याने फक्त "बरं" म्हटलं आणि खिडकी उघडली.) त्यातून हिचा आवाज निवडला गेला होता. पुढच्या आठवड्यातल्या शनिवारी रेकॉर्डिंग. रेकॉर्डिंगवाला बाहेरगावाहून आपली यंत्रं घेऊन येणार, एकच दिवस थांबणार आणि संध्याकाळी परत जाणार. त्या दिवशी हिला काही झालं तर राखीव म्हणून पास विभागातल्या बाई होत्या. त्या बाईंनी "पुढचा थांबा" म्हटलं, की 'उतरता की उतरवू?' असं ऐकू येतं.

छाती फुगवून मी घरी गेलो.

"अगं, अभिनंदन! तुझा आवाज लागला!"

"अहो, ते शुक्रवारीच कळलं मला. तुम्हाला सांगितलंसुद्धा."

"मला? कधी?"

"जेवताना. तुम्ही 'हं' म्हणालात."

माझा 'हं' हा आमच्या घरात कुप्रसिद्ध आहे. पण त्या दिवशी ती चिडली नाही. हातातला टॉवेल घडी घालायचा सोडून नुसती खिडकीपाशी उभी राहिली आणि म्हणाली, "इतकी वर्षं त्या काचेच्या भोकातून बोलतेय मी. गाडी किती वाजता, गाडी कुठून, गाडी का नाही. एकाने कधी मान वर करून बघितलं नाही, की आत कोण बसलंय. आता कुणी न विचारता मी बोलणार, आणि अख्ख्या बसने ऐकायचं."

तिचे डोळे चमकत होते. इतक्या वर्षांत तिने स्वतःसाठी काही मागितलेलं मला आठवत नाही. तेव्हाच मी मनाशी ठरवलं, की हिच्या आवाजाला या घरातून धक्का लागता कामा नये. मी एखादी गोष्ट मनाशी ठरवली, की घरातले आधी घाबरतात, ते उगीच नाही.

बुधवारी दुपारी छत्र्या लावता लावता मला थंडी वाजू लागली. संध्याकाळपर्यंत अंगाचा प्रत्येक सांधा स्वतंत्रपणे दुखत होता, घसा गेला होता आणि ताप सणकून चढला होता. कोपऱ्यावरच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं. म्हणाल्या, "फ्लू आहे. आराम करा, भरपूर पाणी प्या. आणि घरातल्यांना द्यायचा नसेल तर थोडे दिवस वेगळ्या खोलीत राहा. खिडकी उघडी ठेवा. बाहेर यायचं तर मास्क लावून. हात सारखे साबणाने धुवायचे. तुमच्या तोंडाला लागलेलं दुसऱ्याच्या तोंडाला लागू द्यायचं नाही. वेगळी खोली आहे ना?"

"आहे," मी घोगऱ्या आवाजात म्हणालो. "इस्त्रीची."

आमच्याकडे मागच्या बाजूला एक खोली आहे. तिच्यात इस्त्रीचं टेबल, एक खाट, न लागणाऱ्या सगळ्या वस्तू आणि माझ्या सासऱ्यांची मेडल्स असतात. सासरे आमच्याकडेच राहतात. ते एके काळी फुटबॉलचे नावाजलेले रेफरी होते. हिच्यासाठी ते 'अप्पा', लेकीसाठी 'आजोबा'. मी त्यांना काही न म्हणता बोलतो. ते मात्र मला 'जावईबापू' म्हणतात, आणि त्या शब्दातला 'बापू' उच्चारताना त्यांना किती कष्ट पडतात ते ऐकणाऱ्याला कळतं.

मी त्या खोलीत वनवासाला निघालो तेव्हा दारात घरातले तिघेही उभे होते. लेक तिसरीत आहे. तिला सगळा प्रकार सहलीसारखा वाटत होता. हिने तोंडाला मास्क बांधला होता. रेकॉर्डिंगवाल्याने तिला आवाज जपायला सांगितलं होतं, म्हणून ती शक्य तेवढं खुणांनीच बोलत होती. (माझ्या घोरण्यामुळे ती आधीपासूनच लेकीच्या खोलीत झोपत होती. "कुशीवर वळा" हे रोज ओरडून सांगण्यात आवाज खर्च होतो, असं तिचं म्हणणं. त्या घोरण्याचे आम्ही आज आभार मानतो.)

"माझा पेला वेगळा," मी जाहीर केलं. "ताट वेगळं. टॉवेल वेगळा. साबण वेगळा. या खोलीतली एकही वस्तू त्या बाजूला जाणार नाही!"

खरं सांगतो, मला जरा भरून आलं. त्यागात एक वेगळीच मजा असते. विशेषतः तो आडवं पडून करायचा असला तर.

पण दार लागलं आणि पहिलीच अडचण उभी राहिली. मला पाणी हवं होतं आणि आवाज फुटत नव्हता. मी मोबाइलवरून घरच्या फोनला फोन केला.

"हॅलो," सासरे.

"पाणी," मी घोगरलो.

"कोण पाहिजे?"

"पाणी!"

"इथे असं कुणी राहत नाही," म्हणून त्यांनी फोन ठेवला.

मी पुन्हा केला. या वेळी त्यांनी मला, म्हाताऱ्या माणसांना फोन करून छळणाऱ्यांची पोलिसात तक्रार कशी करतात ते सविस्तर ऐकवलं. शेवटी मी दारावर इस्त्रीच्या टेबलाचा पाय आपटला तेव्हा सगळे धावत आले. पाणी आलं. आणि सासऱ्यांनी दाराच्या फटीतून हात आत घालून माझ्यापुढे एक वस्तू धरली.

"जावईबापू, हे घ्या. आजवर कुणाच्या हाती दिली नाही."

ती त्यांची शिट्टी होती. पितळी, जड, दोरीसकट. याच शिट्टीवर त्यांनी म्हणे कितीतरी फायनल काढल्या होत्या.

"पाण्याला एक, जेवणाला दोन," ते म्हणाले. "तीन म्हणजे मॅच संपली. ती वाजवू नका, वाईट दिसतं."

व्यवस्था तर झकास होती. हिने मात्र मास्कच्या वर भुवया चढवल्या आणि आवाज जपायचा असूनही एक वाक्य खर्च केलं, "मी शिट्टीवर येणार नाही. मी काय खेळाडू आहे? आणि त्या शिट्टीला मी हातही लावणार नाही."

ते माझ्या मनाला जरा लागलं. आजारी नवऱ्याने काय घंटा वाजवायची? पण तिने तिचं काम चोख चालवलं होतं. घरातल्या खिडक्या सताड उघड्या. दाराच्या कड्या, नळ, बटणं येता-जाता पुसणं. माझं ताट दारात ठेवायचं, लांब व्हायचं, रिकामं ताट उचललं की सरळ नळावर, साबण लावून मनगटापर्यंत हात धुवायचे. हात धुताना ती घड्याळ न बघता थांब्यांची नावं म्हणायची. बाजारचौक, दवाखाना, पोस्ट, जुना पूल, आणि मग पाणी बंद. म्हणजे सरावही झाला आणि हातही निघाले.

मी आतून शिट्टी वाजवली.

दार उघडलं. सासरे.

"ही कसली शिट्टी?"

"पाण्याची."

"ही पाण्याची नाही, ही फाऊलची झाली. शेवटी थरथरली ती. आणा इकडे." त्यांनी माझ्या हातातून शिट्टी घेतली, शर्टाला पुसली, तोंडात धरली आणि अशी काही खणखणीत वाजवली, की मागच्या रस्त्यावरचा एक सायकलवाला थांबला. "अशी! पोटातून! आता तुम्ही."

मी वाजवली.

"दम नाही. पुन्हा."

"मला ताप आहे."

"ताप असताना मी अख्खी मॅच काढलीय. द्या इकडे."

शिट्टी त्यांच्या तोंडात, माझ्या तोंडात, पुन्हा त्यांच्या. पाणी अर्थात आलंच नाही. पण माझी शिट्टी सुधारली. जाताना त्यांनी माझा टॉवेल चुकून खांद्यावर टाकला, तेव्हा मी ताडकन उठून बसलो.

"टॉवेल! टॉवेल वेगळा आहे!"

"अरे हो की," म्हणून त्यांनी तो चिमटीत धरून परत ठेवला आणि हात धुवायला गेले. आम्ही दोघेही नियमाला पक्के.

दुसऱ्या दिवशी लेक शाळेतून आली ती थेट माझ्या दाराशी. "बाबा, आजोबा म्हणाले तुम्हाला अजून दोनची नीट येत नाही. मला येते. दाखवू?" दाखवल्याशिवाय ती हलणार नव्हती. मी तिला बजावलं, की आत यायचं नाही, लांबूनच दाखव. मग मी लांबूनच शिट्टी तिच्याकडे फेकली. तिने लांबूनच झेलली, सुरेख वाजवली आणि लांबूनच परत फेकली. मला तिच्या शिस्तीचं फार कौतुक वाटलं.

मग मी वाजवायला लागलो की ती बाहेर टाळ्या वाजवायची. सासरे चुका काढायला यायचे. पाण्याची इतकी वाट बघावी लागायची, की मी तहान लागायच्या बऱ्याच आधी वाजवून ठेवू लागलो. शेवटी हिने दारापाशी येऊन खुणा केल्या. आधी कानावर हात ठेवले, मग तोंडाशी बोट नेलं, मग दाराबाहेरच्या खिळ्याकडे बोट दाखवलं.

"काय म्हणते?" मी लेकीला विचारलं.

"आई म्हणते, दुपारभर शिट्टी खिळ्यावर."

त्यानंतर शिट्टी दुपारी बाहेर असायची. मला काही हवं असलं की मी दारावर टकटक करायचो, बाहेरून लेक शिट्टी वाजवून "काय?" विचारायची, आणि मग सासरे येऊन ती शिट्टी किती चुकीची होती ते वाजवून दाखवायचे.

शनिवारी माझा ताप उतरू लागला. रविवारी सकाळी सासरे टेबलावर डोकं टेकून बसले होते.

"काही नाही," ते म्हणाले. "जरा हाफटाइम."

दुपारी त्यांना हुडहुडी भरली. संध्याकाळी लेक न सांगता अंथरुणात जाऊन झोपली, तेव्हाच आमच्या तोंडचं पाणी पळालं. या मुलीला झोपवायचं म्हणजे एरवी घरातल्या सगळ्यांना एकेक गोष्ट सांगावी लागते.

डॉक्टरीणबाई सोमवारी घरी आल्या तेव्हा दोघंही माझ्याच खोलीत येऊन पडले होते. सासऱ्यांना तपासलं, लेकीला तपासलं. औषधं दिली. "वयस्कर माणूस आणि लहान मूल आहे, दम लागला, फार सुस्ती आली, तर लगेच मला कळवायचं," असं हिला बजावलं. मग त्या माझ्याकडे वळल्या.

"तुम्ही वेगळे राहिलात ना?"

"म्हणजे काय!" मी म्हणालो. (माझा आवाज परत आला होता. तो नेमका अशा वेळी येतो.) "पेला वेगळा! ताट वेगळं! टॉवेलला तर मी कुणाला शिवूही दिलं नाही. विचारा यांना!"

"शिवू दिलं नाही," सासरे अंथरुणातून कण्हले. "पक्का माणूस आहे."

"नवल आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आता असं करा, दोघांनाही याच खोलीत ठेवा. या बाजूला फक्त बाईच राहू देत. काही लागलं तर..."

"तर शिट्टी आहे ना," लेक म्हणाली आणि तिने उशीखालून शिट्टी काढून एक वाजवून दाखवली.

"असली वाजवतात का?" सासरे तशा तापातही उठून बसले. "आण इकडे." त्यांनी वाजवली. मग सवयीने माझ्याकडे दिली. मीही सवयीने वाजवली.

डॉक्टरीणबाईंनी आपल्या बॅगेचं झाकण सावकाश लावलं.

"ही शिट्टी," त्या म्हणाल्या, "घरात कोण कोण वाजवतं?"

खिडकीतून वारा येत होता, सासऱ्यांची मेडल्स भिंतीवर हलत होती. दाराबाहेर, बऱ्याच लांब, मास्क लावलेली माझी बायको उभी होती. तिने फक्त आपलं बोट उंच केलं आणि ते डावीकडून उजवीकडे हलवलं. याचा अर्थ मात्र मला कुणी सांगायची गरज पडली नाही. 'मी नाही.'

खोलीत आता तीन खाटा झाल्या. त्यानंतर सासऱ्यांनी कुणाची एकही चूक काढली नाही. ताप होता, पण ते कारण नव्हतं.

"लेकीची एवढी एक मॅच," ते भिंतीकडे बघत म्हणाले, "आणि मीच सेल्फ गोल करून बसलो."

मी त्यांच्या खाटेपाशी जाऊन बसलो. म्हणालो, "अजून कुठे झालाय? ती बरी आहे ना. शिट्टीला हातही लावला नाही तिने."

"ते तिच्या आईवर गेलंय," ते म्हणाले. "तीही माझ्या शिट्टीवर कधी आली नाही." मग उशीजवळची शिट्टी त्यांनी माझ्या हातात दिली. "हिला सांगा, उकळून टाक."

"अहो, आत बुचाचा दाणा असतो ना? उकळली तर..."

"वाजणार नाही, माहीत आहे. सांगा तिला. उकळून टाक म्हणावं."

मी शिट्टी दारात ठेवली आणि निरोप दिला. हिने लांब चमच्याने ती उचलून पातेल्यात टाकली. पाणी उकळायला लागलं तसा दाणा आत टुणटुणत होता. सासरे डोळे मिटून ऐकत होते. मला आजवर त्यांचा कधी लळा लागला नव्हता. त्या दिवशी थोडा लागला.

त्यानंतर घरात आवाज म्हणून तिचा एकटीचा. पलीकडे नळ चालू व्हायचा, आणि "पुढचा थांबा, बाजारचौक" असा शांत, स्वच्छ सूर भिंतीतून यायचा. आम्ही तिघं अंथरुणात पडून तो सगळा मार्ग ऐकायचो. लेक बरी होऊ लागली तशी प्रत्येक थांब्याला "उतरा, उतरा" म्हणायची. तिचा ताप गेला. सासरे टोस्टला नावं ठेवू लागले, म्हणजे तेही सुधारले. सगळं इतकं व्यवस्थित चाललं होतं, की मला आपलं श्रेय आहे असंही वाटू लागलं होतं.

आणि शुक्रवारी संध्याकाळी स्वयंपाकघरातून शिंक आली.

आम्ही तिघं जागच्या जागी थिजलो.

"रस्त्यावरची असेल," मी म्हणालो.

दुसरी शिंक आली. पाठोपाठ तिसरी. रस्त्यावरची नव्हती. या शिंकेला मी चांगला ओळखतो, तिच्याशी माझं लग्न झालं आहे.

उद्या सकाळी रेकॉर्डिंग. पास विभागातल्या बाई माझ्या डोळ्यांपुढे उभ्या राहिल्या. त्या काचेच्या भोकापाशी पुन्हा जाऊन बसलेली ही उभी राहिली. लेकीने पांघरूण तोंडावर ओढलं. सासरे उठले, भिंतीवरच्या आपल्या सगळ्यांत मोठ्या मेडलकडे बघत राहिले आणि त्यांचे डोळे भरून आले. माझेही आले. बातमीदारांपुढे केलेला तो कान मला उपटून टाकावासा वाटला.

तेवढ्यात ती दारापाशी आली. मास्कच्या वर डोळे लाल, पाण्याने डबडबलेले. तिने नाकाकडे बोट दाखवलं. मग हात उडवला. मग घाईघाईने स्वयंपाकघराकडे दाखवलं. मग दोन्ही हात जोरजोरात हलवले.

"म्हणते," मी गदगदल्या आवाजात भाषांतर केलं, "नाक गेलं. सगळं संपलं. आता स्वयंपाकघरातच आयुष्य जाणार."

तिने कपाळावर हात मारला.

"ताप पण आहे म्हणते!" मी ओरडलो.

"बाबा, नाही हो!" लेक पांघरुणातून बाहेर आली. "ती म्हणते, मिरपुडीच्या डब्याचं झाकण उडालं!"

तिने मान डोलावली. इतकी जोरात, की पुन्हा शिंकली. मग तिने ओट्यावरचा मिरपुडीचा डबाच आणून लांबून दाखवला. आमच्यासाठी सूप करत होती बिचारी. अख्खा डबा पातेल्यात गेला होता.

जीव भांड्यात पडला, आणि ते सूपही आम्ही प्यायलो. नाकातून, कानांतून धूर निघत होता, पण कुणी ब्र काढला नाही. सासऱ्यांनी तर दुसरा वाडगा मागितला.

शनिवारी सकाळी ती निघाली. आम्ही तिघं मागच्या खिडकीत दाटीवाटीने उभे होतो. ती थांब्यावर जाऊन उभी राहिली, बस आली, चढताना तिने मागे वळून खिडकीकडे बघितलं. सासऱ्यांनी खिशातून शिट्टी काढली. उकळल्यावर ती हिने त्यांना पुसून, पॉलिश करून परत दिली होती. त्यांनी छाती भरून घेतली आणि पोटातून वाजवली.

'फुस्स.'

"ऐकू गेली असेल तिला," सासरे म्हणाले. आणि खरंच, बसच्या खिडकीतून एक हात बाहेर आला आणि हलला.

दुपारी ती परत आली तेव्हा तिने दारात चपला काढल्या, हात धुतले (बाजारचौक, दवाखाना, पोस्ट, जुना पूल), आमच्या खोलीच्या उंबऱ्यापाशी खुर्ची ओढून बसली आणि बोलायला लागली. आठवडाभर साठवलेलं सगळं. तिने एका दमात सगळे थांबे म्हटल्यावर रेकॉर्डिंगवाला कसा थक्क झाला, साहेब स्वतः कसे ऐकायला आले, इथपासून सुरुवात झाली आणि टॉवेल, टोस्ट, शिट्टी, तीन खाटांखालचा कचरा, माझं भाषांतर, असं करत करत दिवेलागणीपर्यंत चाललं. आवाज शेवटपर्यंत ठणठणीत होता. आम्ही तिघं गप्प ऐकत होतो. इतकं बोलणं ऐकून घेण्यात सुख असतं, हे मला तोवर माहीत नव्हतं.

डॉक्टरीणबाईंना नंतर आम्ही विचारलं, की ही एकटीच कशी वाचली? त्या म्हणाल्या, "हात, मास्क, उघड्या खिडक्या. आणि थोडं नशीब." सासरे म्हणाले, "आणि शिट्टीला न जुमानणं."

पुढच्या महिन्यात गाड्यांमध्ये तिचा आवाज लागला. पहिल्या दिवशी मी मुद्दाम संध्याकाळची बस पकडली आणि सगळ्यांत पुढची जागा पटकावली. दारं लागली आणि वरून ती बोलली, "पुढचा थांबा, बाजारचौक." अंगावर काटा आला. एक म्हातारे गृहस्थ वाचत असलेला पेपर खाली करून वर बघू लागले. मागच्या बाकावरची पोरं बोलायची थांबली. तिला हवं होतं तसंच, अख्खी बस मान वर करून ऐकत होती. मला सगळ्यांना ओरडून सांगावंसं वाटत होतं.

बसमध्ये जरा धूळ होती. मला शिंक आली. शिंकलो, आणि त्याच क्षणी वरून तिचा आवाज आला, "शिंकताना तोंडावर रुमाल धरावा."

"हो, हो, धरतो!" मी ताडकन उभा राहून, वर बघत, मोठ्यांदा म्हणालो.

सगळी बस माझ्याकडे बघू लागली. (अर्धी कंपनी फ्लूने झोपल्यामुळे साहेबांनी ते वाक्य ऐनवेळी घालायला लावलं होतं. तिने हे मला सांगितलं असणार. मी 'हं' म्हणालो असणार.)

"काका, ते रेकॉर्डिंग आहे," कंडक्टर म्हणाला.

"माहीत आहे. माझी बायको आहे ती."

"असं होय," तो सहानुभूतीने म्हणाला. "मग धरा रुमाल."

मी रुमाल धरला आणि डोळे मिटून तिचा आवाज ऐकत बसलो. एकेक थांबा येत होता, जात होता. काय तो सूर, काय तो ठहराव! डोळे उघडले तेव्हा बस रिकामी होती, कंडक्टर हिशेब करत होता आणि बाहेर अनोळखी डेपो होता.

दोन बस बदलून, शेवटचा टप्पा पायी तोडून मी घरी पोचलो. सासरे आणि लेक जेवून उठले होते. ही दारातच उभी होती.

"उतरला नाहीत?"

"अगं, तुझा आवाज ऐकत बसलो..."

"आवाज ऐकलात," ती म्हणाली. "मी काय सांगत होते ते नाही ऐकलंत. आपला थांबा आला म्हणून केवढ्यांदा सांगितलं मी. अख्खी बस उतरली, तुम्ही सोडून."

"हं," मी म्हणालो.